तोत्तोचान: जूनपासून शिमग्यापर्यंत पडवीत मोठ्यानं वाचल्यावर

जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागींचं ‘तोत्तोचान’ आपल्याकडे बहुतेकदा शिक्षकांच्याच हातात दिसतं. डी.एड.च्या वाचन यादीत, नाहीतर कुणाच्या तरी भाषणातल्या दाखल्यात. नॅशनल बुक ट्रस्टचा मराठी अनुवाद माझ्याकडेही तसाच आला, शिक्षिका असलेल्या बहिणीच्या कपाटातून. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीतली पोरं संध्याकाळी पडवीत जमतात, त्यांना तो वाचून दाखवला. आता माझं ठाम मत झालंय की हे मुळात हसवणारं पुस्तक आहे. शिक्षणशास्त्राचं ओझं आपणच त्याच्यावर लादलंय.

तोत्तोचान म्हणजे पहिलीतच शाळेतून नाव काढलेली मुलगी. गुन्हे काय, तर बाकाचं झाकण सारखं उघडमिट करणं, खिडकीत उभं राहून रस्त्यावरच्या वाजंत्र्यांना हाका मारणं, घरटं बांधणाऱ्या पाखराला ‘काय करतेस गं?’ विचारत बसणं. आई तिला यातलं काही कळू देत नाही आणि सरळ दुसऱ्या शाळेत नेते. टोकियोतली ही तोमोए शाळा जुन्या रेल्वेच्या डब्यांत भरते. मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी पहिल्याच दिवशी या मुलीची बडबड चार तास ऐकून घेतात. सगळं खरं घडलेलं, लेखिकेचं स्वतःचं बालपण. जपानीत पुस्तक १९८१ साली आलं.

शहरातला वाचक या शाळेत जेमतेम पन्नास मुलं होती हे वाचून हरखतो. आमच्याकडे शाळेचा पट विशीच्या आत. ‘पन्नास? म्हणजे शाळा मोठीच आसा,’ असं म्हणून विषय संपला. डब्यांबद्दल मात्र चौकशी फार झाली. चाकं होती काय, पावसात गळायचे काय, भोंगा कोण वाजवायचा.

सगळ्यात जास्त वेळा वाचायला लागलेलं प्रकरण संडासातल्या पाकिटाचं. तोत्तोचानचं आवडतं पाकीट शाळेच्या संडासात पडतं. ती लांब दांड्याचं ओगराळं घेते आणि टाकीतला मैला उपसायला लागते. बाजूला ढीग वाढत जातो. मुख्याध्यापक तिथून जातात, थांबतात, आणि एवढंच विचारतात की झाल्यावर सगळं परत आत टाकशील ना? ती हो म्हणते, ते निघून जातात. इथं पोरं गडाबडा लोळतात. दर वेळी. मी मात्र कोबायाशींच्या त्या एका वाक्यावर हसते, आणि हा फरक मला आवडतो. एकाच पानावर दोन वयांची माणसं आपापल्या कारणानं हसतात, असं पुस्तक रोज हाती लागत नाही. पाकीट शेवटी सापडत नाही, यावर आमच्या दुसरीतल्या एकाचा अजून विश्वास नाही. ‘मगे पाकीट गावला काय नाय?’ हा प्रश्न येतोच.

जेवणाच्या डब्याच्या प्रकरणानं तर घराघरांत उच्छाद मांडला. कोबायाशी पालकांना सांगतात, जेवणात ‘थोडं समुद्रातलं, थोडं डोंगरावरचं’ असू द्या. ज्याच्या डब्यात एक कमी असेल त्याला त्यांची बायको हातातल्या भांड्यांतून वाढते. जुलैत होड्या वर ओढलेल्या, तेव्हा सुके बांगडे समुद्रातले आणि टाकळ्याची भाजी डोंगरावरची, हिशेब चोख बसला. श्रावणात पंचाईत झाली. तोडगा पोरांनीच काढला: मीठ समुद्रातलंच की! शिरोड्याची मिठागरं त्यांनी पाहिलेली, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. कुठल्या आईनं ताटात काय वाढलं याची तपासणी गणपतीपर्यंत चालू होती आणि दोन काकींनी मला वाटेत गाठून ऐकवलंसुद्धा.

मैत्रीबद्दल म्हणाल तर यासुआकी-चान. पोलिओ झालेला मुलगा. तोमोएत प्रत्येकाचं एकेक झाड ठरलेलं, तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर पाहुणा म्हणून बोलावते, दोघांच्याही घरच्यांपासून लपवून. शिडी आणते, ती जमत नाही. मग घडीची शिडी ओढत आणते, आणि शेवटी फांदीवर पालथी पडून त्याला वर खेचते. आमची पोरं झाडावरच वाढलेली, त्यामुळे हळवं होण्याआधी टीका सुरू. ‘ओढूचा नसता, खालसून ढकलूचा असता.’ खालून ढकलायचा प्रयत्नही तिनं आधी केला होता, हे मला मागचं पान उलटून दाखवावं लागलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं झाड वाटून घेतलं. ज्याच्या वाट्याला माड आला तो अजून भांडतोय.

आता खटकलेलं. तालावर हालचाली शिकवण्याचं, स्विस संगीतशिक्षक दालक्रोझच्या पद्धतीचं प्रकरण मोठ्यांसाठी आहे. तिथं पोरं पडवीच्या कठड्यावरून पाय हलवायला लागतात, मी पुढं सरकले. शाळेच्या पोहण्याच्या तलावात मुलं-मुली उघडीच पोहतात त्या प्रकरणाला खाडीकाठच्या पोरांना काही वाटलं नाही, पण काही पालक अडखळतील. एकसंध कथानक नाही, सुटी छोटी प्रकरणं आहेत. स्वतः वाचणाऱ्याला हे तुटक वाटेल, पण वीज जायच्या आत एक संपवायचं असेल तर याहून सोयीचं काही नाही. पहिली ते तिसरीला वाचून दाखवावं. चौथीतली मुलं स्वतः वाचतात, जपानी नावं त्यांना आपल्यापेक्षा लवकर पाठ होतात.

शेवटाकडे युद्ध येतं. आधी स्टेशनावरच्या यंत्रातून खाऊच्या गोड गोळ्या यायच्या बंद होतात, तिचा रॉकी कुत्रा नाहीसा होतो. रॉकीच्या आधीच यासुआकी-चान वारलेला असतो. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शाळा जळते. हे गाळावं का असं एका आईनं विचारलं. मी गाळलं नाही. पोरांनी विचारलं ते असं: ‘डबे पण जळले?’ आणि रॉकीबद्दल तर आठवडाभर चौकशी होती.

प्रतीचं म्हणाल तर आमची हवा कुठल्याच कागदाला सोसत नाही. ऑगस्टमध्ये पानं फुगली, उघडीप मिळाली की खळ्यात वाळवली, प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. शिवण अजून धरून आहे. शाळेतही एक प्रत होती, शिक्षकांच्या कपाटात, कुलपात. गुरुजींना सांगून ती मुलांच्या पेटीत टाकून घेतली. आठवड्याभरात तिचं मुखपृष्ठ सुटलं आणि पाकिटाच्या प्रकरणाची पानं काळी झाली.