भाकरी-उसळीच्या डब्याचा तीन महिन्यांचा रिव्ह्यू (जेवताना वाचू नका)

आधी माझी अवस्था सांगतो. हिंजवडीत जॉब, सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी कॅन्टीनचा पांढरा भात, संध्याकाळी वडापाव, रात्री मागवलेलं काहीतरी आणि पाणी दिवसभरात दोन-तीन ग्लास. दोन-दोन दिवस पोट साफ नाही, मग मोबाईल घेऊन अर्धा तास आत बसायचं नि कुंथायचं. एक दिवस रक्त दिसलं आणि माझी तंतरली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं मूळव्याध, सुरुवातीचीच आहे, खाणं सुधारा, पाणी वाढवा आणि मोबाईल बाहेर ठेवून जात जा.

तेव्हा हा डबा लावला. एक काकू आणि त्यांची सून घरूनच चालवतात. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, पालेभाजी नाहीतर गवार-घेवडा, एक दिवसाआड मटकी किंवा मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि बाटलीत ताक. मेथीची पातळ भाजी तर अशी की डबा पुसून खाल्ला. महिन्यातून दोनदा सुरण असतं, काकू चिंच घालून करतात त्यामुळे घसा अजिबात खाजत नाही. ठेचा वेगळ्या पुडीत येतो, तो मी सध्या शेजारच्या डेस्कला दान करतो कारण तिखट खाल्लं की दुसऱ्या दिवशी आग होते.

पहिला आठवडा गॅसने वाट लावली, मीटिंगमध्ये बसणं मुश्किल. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, अरे एकदम एवढी उसळ नको खाऊस, अर्धी वाटी खा आठवडाभर. बरोबर होतं त्यांचं. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी पाच मिनिटांत काम, कुंथायची गरजच नाही.

आता तक्रारी. त्यांच्या व्हॉट्सॲप मेसेजात 'ज्वारी खा, मूळव्याध विसरा' असं लिहिलेलं असतं, ते काही पटत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर, कोंड्यासकट गव्हाच्या पिठात ११ च्या आसपास, म्हणजे पोळीने काय घोडं मारलंय? मैद्यात मात्र जेमतेम पावणेतीन ग्रॅम, आणि माझी खारी नि पाव म्हणजे मैदाच की. मला फरक पडला तो मैदा सुटला, उसळ-पालेभाजी रोज पोटात गेली आणि पाणी वाढलं म्हणून, कारण फायबर पाणी धरून ठेवतं तेव्हा शौच मऊ होते, पाणीच नसेल तर उलट आणखी घट्ट. आणि रक्त दिसलं तर डबा लावायच्या आधी डॉक्टरकडे जा बाबांनो, दरवेळी ती मूळव्याधच असते असं नाही.

दुसरं म्हणजे दीड वाजेपर्यंत भाकरी वातड होते, उसळीच्या रश्शात कुस्करून खावी लागते.

आणि गुरुवारी सगळ्यांना सरसकट उपासाचा डबा, साबुदाण्याची खिचडी! चव एक नंबर, पण साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, माझा शुक्रवार सकाळचा कार्यक्रम हमखास रद्द. दोनदा सांगून पाहिलं, सून हो म्हणते आणि परत खिचडीच येते. म्हणून आता गुरुवारचा डबा बंद करून घरून दोन पेरू नेतो, बियांसकट. चार स्टार देतोय, पाचवा त्या खिचडीपायी अडकलाय.