घरच्या बिअरला नको तो वास: थांबावं, सुधारावं की ओतून द्यावं?

फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) उघडल्यावर नाक मुरडावं असा वास आला, तर पुढे तीनच रस्ते असतात: थांबणं, काहीतरी उपाय करणं, किंवा सगळं मोरीत ओतणं. वास किती घाण आहे यावर हा निर्णय घेऊ नये. सडक्या अंड्याचा वास सगळ्यांत भयंकर वाटतो, पण बहुतेकदा तो आपोआप जातो. दवाखान्याची हलकीशी झाक मात्र कधीच जात नाही. पाहायचं ते एवढंच, की वास देणाऱ्या रेणूला बिअरमधून निघून जायला वाट आहे का. घरच्या पातळीवर अशा दोनच वाटा आहेत: कार्बन डायऑक्साइडबरोबर उडून जाणं, नाहीतर जिवंत यीस्टच्या पोटात जाणं.

त्यातही एअरलॉकच्या (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी नाक नेऊन काहीही ठरवू नका. तिथे वायू एकवटलेला असतो आणि तो डोळ्यांत पाणी आणतो. निर्जंतुक केलेल्या नळीने 50 मिली नमुना ग्लासात घ्या, 15 ते 18 अंशांवर येऊ द्या, तळहाताने झाकून हलवा आणि मग हुंगा. सोबत ग्रॅव्हिटी (साखर आंबत जाते तशी उतरणारी बिअरची घनता) मोजा. तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापं सारखी आली नसतील, तर आंबणं अजून चालू आहे आणि निकाल देण्याची घाई नको. पृष्ठभागावर केसाळ बुरशी दिसत असेल तर चव घेण्याच्या भानगडीतही पडू नका.

सडकं अंडं की उकडलेला कोबी

दोन्ही वास गंधकाच्या संयुगांचे असल्याने यांची गल्लत सर्रास होते, पण दोन्हींचं नशीब अगदी वेगळं आहे. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तो यीस्टच तयार करतं. लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवायच्या बिअरचं यीस्ट जास्त करतं, आणि वॉर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या गोड काढ्यात) नायट्रोजन किंवा इतर पोषण कमी असेल तर कुठलंही यीस्ट करतं. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास डायमिथिल सल्फाइडचा असतो. त्याचं मूळ फिकट माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या धान्यात) आहे. उकळताना ते संयुग सुटतं आणि वाफेबरोबर निघून जातं. भांड्यावर झाकण ठेवलं, उकळी मंद ठेवली किंवा उकळून झाल्यावर वॉर्ट तासन्‌तास गरम राहू दिला, तर ते आतच उरतं.

ओळख पटवायला नमुन्याचे दोन ग्लास करा. एकात घासून स्वच्छ केलेला तांब्याचा तुकडा अर्धा मिनिट फिरवा. त्या ग्लासातला वास गेला किंवा बराच उतरला, तर तो हायड्रोजन सल्फाइड. तसाच राहिला, तर बहुधा डायमिथिल सल्फाइड. चाचणीचा ग्लास ओतून टाका, आणि चाचणी जमली म्हणून अख्ख्या बॅचमध्ये तांबं बुडवू नका. तांब्यामुळे बिअर लवकर शिळी होते.

हायड्रोजन सल्फाइड असेल तर थांबा. 18 ते 20 अंशांवर आठवडाभर ठेवा, एअरलॉक चालू राहू द्या. केगमध्ये (दाब सहन करणाऱ्या पिंपात) भरली असेल तर तळातून कार्बन डायऑक्साइड सोडून दाब काढण्याचं काम दोन-तीन दिवसांत अनेकदा करा. वास असताना बाटल्या भरणं ही इथली मोठी चूक, कारण बूच लागलं की बाहेर पडायची वाटच बंद होते.

कोबीच्या वासाला असा सोपा उतारा नाही. वायू सोडून तो थोडा उतरतो, पुरता जात नाही. फिकट लागरमध्ये हलका असेल तर प्यायला हरकत नाही. पुढच्या वेळी पिल्सनर या अगदी फिकट माल्टचा वॉर्ट झाकण न ठेवता 90 मिनिटं खळखळून उकळा आणि लगेच थंड करा. मात्र आंबणं सुरू व्हायलाच दीड-दोन दिवस लागले होते आणि कोबीसोबत आंबटपणाही आहे, तर यीस्टच्या आधी जिवाणूंनी वॉर्टचा ताबा घेतला होता. ती बॅच ओता.

लोणी: यीस्टचं की जंतूंचं

सगळ्यांत जास्त बॅच वाचतात त्या इथे, आणि विनाकारण ओतल्या जातात त्याही इथेच. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास डायॲसिटिलचा. यीस्ट वाढताना त्याचं पूर्वरूप बाहेर टाकतं. त्या पूर्वरूपाला स्वतःचा वास नसतो, ते हळूहळू डायॲसिटिलमध्ये बदलतं, आणि यीस्ट ते परत शोषून घेतं. हे चक्र पुरं व्हायच्या आत बिअर थंड केली किंवा यीस्टवरून काढली, की बाटलीत लोणी अवतरतं. शेवटी हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी फुलं) घातल्यावरही असं होतं. हॉप्समधली एन्झाइम्स उरलेली साखर फोडतात आणि आंबणं पुन्हा सुरू होतं.

म्हणून बाटल्या भरण्याआधी ही चाचणी करा. दोन बरण्यांत 100-100 मिली बिअर घ्या. एक झाकून 60 ते 70 अंशांच्या पाण्यात 20 मिनिटं ठेवा, मग दोन्ही एकाच तापमानावर आणून हुंगा. फक्त तापवलेलीत लोणी असेल तर पूर्वरूप शिल्लक आहे, आणखी थांबा. दोन्हींत असेल तर यीस्टला उबेची गरज आहे. कशातच नसेल तर खुशाल भरा.

थांबायचं म्हणजे नेमकं काय? लागरचं आंबणं संपायला ग्रॅव्हिटीचे दोन ते पाच अंक (म्हणजे 0.002 ते 0.005) उरलेले असताना तापमान 10-12 वरून 16 ते 18 अंशांवर न्या आणि दोन-तीन दिवस तिथेच ठेवा. एल (उबेत आंबवायची बिअर) असेल तर 20-21 अंश. यीस्ट झोपी गेलं असेल, तर वरून कोरडं यीस्ट भुरभुरवून सहसा काही साधत नाही. साखर संपलेल्या, अल्कोहोलने भरलेल्या बिअरमध्ये ते नीट जागं होत नाही. त्यापेक्षा यीस्ट घालून जोमात फेसाळणारा ताजा वॉर्ट 20 लिटरला दीड ते दोन लिटर घाला.

एवढं करूनही लोणी वाढतच असेल, सोबत आंबटपणा आणि पृष्ठभागावर साय किंवा बिअरमध्ये चिकट तार दिसत असेल, तर ते जिवाणूंचं काम आहे. साधी बिअर हवी होती तर इथे थांबण्यात अर्थ नाही.

हिरवं सफरचंद की व्हिनेगर

कच्च्या सफरचंदाचा वास ॲसिटाल्डिहाइडचा, म्हणजे अल्कोहोलच्या आधीच्या पायरीचा. कोवळ्या बिअरमध्ये तो असणारच. यीस्टवर आठवडाभर उबेत ठेवली की बहुधा जातो. बिअर फार दिवस यीस्टवर राहील अशी भीती नको; 20 लिटरची बॅच 20 अंशांवर तीन-चार आठवडे निवांत राहते. जुन्या बिअरमध्ये हाच वास नव्याने आला, तर हवा आत शिरली आहे. पुढची पायरी व्हिनेगर. नाकाला झोंबणारा तो वास एकदा आला की परतीचा रस्ता नाही. गळकं झाकण, कोरडा पडलेला एअरलॉक आणि नळ तपासा.

लवंग की दवाखाना

गव्हाच्या बिअरमध्ये लवंग हवीच असते, ती यीस्टची देणगी. पण स्वच्छ एल यीस्ट वापरूनही लवंग आली आणि ग्रॅव्हिटी अपेक्षेच्या खूप खाली, समजा 1.012 ऐवजी 1.004 वर गेली, तर रानटी यीस्ट घुसलं आहे. अशा बाटल्यांत दाब वाढत जातो आणि त्या फुटू शकतात. भरल्या असतील तर थंड करा, डोळे-हात झाकून झाकणं सैल करा आणि ओता.

जखमेच्या पट्टीचा किंवा फिनेलचा वास निराळा. पाण्यातला क्लोरीन किंवा न धुतलेलं ब्लीच फिनॉलशी जुळलं की क्लोरोफिनॉल होतं. अब्जांश प्रमाणातही नाकाला कळतं, उडत नाही, यीस्ट त्याला शिवत नाही. सरळ ओता. पुढच्या वेळी 20 लिटर पाण्यात मेटाबायसल्फाइटची पाव गोळी कुस्करून घाला, काही मिनिटांत काम होतं. साधा क्लोरीन उकळून जातो. क्लोरामीन (पाण्यात घातलं जाणारं क्लोरीनचं टिकाऊ रूप) तसं सहज जात नाही, म्हणून गोळीच बरी.

उरलेले वास

जळक्या रबरासारखा, स्कंकच्या फवाऱ्यासारखा वास उजेडाचा. हॉप्समधली कडवट द्रव्यं प्रकाशाने फुटतात, थेट उन्हात काही मिनिटंही पुरतात. हिरव्या आणि पारदर्शक बाटल्या त्याला अडवत नाहीत, तपकिरी बऱ्यापैकी अडवतात. ती बिअर सुधारत नाही, पण त्याच बॅचच्या अंधारात ठेवलेल्या बाटल्या ठीक असतात, तेव्हा सगळं ओतण्याआधी एक उघडून पाहा.

नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास फार उबेत आंबवल्याचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास ऑक्सिजनचा. दोन्हींना उपाय नाही. पुठ्ठा हलका असेल तर थंड करून लवकर संपवा. खवट चीजचा वास बहुधा जुन्या, उघड्या राहिलेल्या हॉप्सचा, तोही जात नाही. उलटीसारखा वास मुद्दाम आंबट करायला गरम ठेवलेल्या मॅशमध्ये (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टमध्ये) किंवा वॉर्टमध्ये हवेविना वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो, आणि तो उकळण्याआधीच आला असेल तर यीस्टचं पाकीट उघडूच नका.