प्रचाराचं डमी मतदान यंत्र: घ्या, पण शिटी तपासून

सांगलीत महापौर थेट मतदार निवडत नाहीत, 78 नगरसेवक निवडतात. गाठायचा आकडा 40. म्हणजे खुर्चीवरचा असो की आव्हान देणारा, लढाई प्रभागातच. आणि तिथं बहुतेक ठिकाणी एका मतदारानं चार मतं द्यायची. ते समजवायला हा डबा कामाचा आहे.

प्लायचा, खऱ्या यंत्राच्या निम्म्या आकाराचा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. बटणं दणकट, दिवा उन्हातही दिसतो. खोट मोठी आहे ती शिटीची: प्रत्येक बटणाला वाजते. खऱ्या यंत्रावर प्रभागातल्या अ, ब, क, ड या चारही जागांची मतं झाल्यावरच लांब शिटी येते. या डब्यावर शिकलेली आजी मग केंद्रात पहिलं बटण दाबून शिटीची वाट बघत उभी! पहिल्या तीन बटणांवरची बझरची तार काढून घ्या. डाग द्यायचं किरकोळ काम, दुकानदार लगेच करून देतो.

वरचे कागद एकाच रंगाचे येतात. खऱ्या मतपत्रिकेचे रंग अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा; ते तोंडी सांगा, डमीवर वापरू नका, त्याला मनाई असते. नाव-चिन्ह फक्त आपल्या उमेदवारांचं, विरोधकाची जागा कोरी. सुटी बॅटरी जवळ असू द्या.