रिकामी पिकअप आणि भरलेली पिकअप: अकरा महिन्यांचा अनुभव

दारात ट्रॅक्टर आणि ट्रॉली असताना पिकअप कशाला, असा वाद गाडी घेताना घरात झाला होता. ट्रॉली अधिक ओझे ओढते हे खरे. परंतु पहाटे तोडलेला माल ऊन चढण्यापूर्वी बाजारात उतरवून, परतताना दुरुस्त झालेली पंपाची मोटार घेऊन येणे ट्रॅक्टरच्या वेगात बसत नाही, आणि आमचा वाद तिथेच मिटला.

माझ्या गाडीची वहनक्षमता १,२०० किलो आहे. हा आकडा दिसतो तितका मोठा नसतो, कारण सोबतीची माणसे आणि आपण नंतर बसवून घेतलेली लोखंडी जाळी यांचे वजनही त्यातूनच वजा होते. १,००० लिटरची पाण्याची टाकी भरली की एक टन झाला. ती टाकी अर्धी भरून नेणे अधिक सुरक्षित, असा माझा समज होता. पहिल्याच वळणावर पाणी एका बाजूला धावले आणि गाडी अशी कलली की तेव्हापासून मी टाकी काठोकाठ भरतो किंवा नेतच नाही.

मुख्य तक्रार रिकाम्या गाडीबद्दल आहे. मागचे पाटे (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) ओझ्यासाठी बनवलेले असल्यामुळे हौदा रिकामा असताना प्रत्येक खड्डा पाठीला कळतो, आणि इंजिनाचे वजन पुढे व ताकद मागच्या चाकांना असल्याने ओल्या चढावर ती चाके जागीच फिरतात. ५० किलोची चार पोती मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे बांधून ठेवली, तेव्हा पावसाळा निभावला. टायरमधील हवा भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी वेगवेगळी ठेवायची असते, हे दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेले असूनही मी चार महिने वाचले नव्हते. तोवर मागचे टायर मधोमध झिजू लागले होते.

घरगुती वापरात गाडी वळवायला जागा जास्त लागते, एवढेच. (पिकअप दारात आली की घर बदलणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला आपली आठवण येते, याची तयारी ठेवावी.)

खताची वाहतूक करणाऱ्यांनी मात्र हौदा त्याच दिवशी धुवावा. सांडलेले खत ओल धरते आणि पत्रा खाते. माझ्या गाडीत फाळक्याच्या बिजागरीखाली गंज चढला आहे, आणि पाणी निचरणारी भोके मातीने बुजली होती हे मला तो खरवडताना दिसले.