जुन्या होंडा सी-70 मध्ये चायनीज आडवं 125 इंजिन: इंजिन झकास, बाकीचं तुमच्या डोक्याला

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. इंजिन मस्त आहे, पैसे वसूल. पण विकणारे जे छातीठोक सांगतात ना, की दोन बोल्ट काढा, दोन बोल्ट लावा, किक मारा आणि निघा, त्यातलं बोल्टांचं तेवढं खरं, पुढचं सगळं जाहिरातीत शोभणारं.

बोल्टांचं खरं का, तर ही सगळी इंजिनं मुळात होंडाच्या आडव्या इंजिनाच्या (सिलिंडर उभा नाही, पुढे आडवा झोपलेला) नकलेतून आलेली. सुपर कब, म्हणजे होंडाची छोटी गाडी, सी-70 तिचंच 70 सीसीचं रूप, 1958 ला आली तेव्हा 49 सीसी आणि पुशरॉड (खालच्या कॅमवरून दांड्याने वाल्व्ह हलवणारं) होतं, मग साठच्या दशकात ओव्हरहेड कॅम (कॅम वर हेडमध्येच) आला, मंकी, सीटी-70 या होंडाच्याच छोट्या गाड्या आणि सी-70, सगळ्यांना तेच घराणं, आणि इंजिन चेसीला मागच्या बाजूने दोन फाउंडेशन बोल्टवर लटकवायची पद्धत तीच राहिली. 2017 मध्ये एकट्या सुपर कबचाच 10 कोटींचा आकडा पार झाला, म्हणजे हे माप जगभर किती पसरलं असेल बघा. चायनीज कारखान्यांनी तेच धरून ठेवलं. त्यामुळे माझ्या सी-70 मध्ये बोल्ट खरंच हाताने आत सरकले, पाना फक्त शेवटी टाइट करायला, आणि फूटरेस्टचा दांडा इंजिनाच्या पोटाला लागतो ती भोकंही जुळली. इथपर्यंत पैकीच्या पैकी.

आता बरेच जण म्हणतात की इंजिनच कशाला बदलायचं, बोअर किट, म्हणजे मोठा सिलिंडर ब्लॉक आणि पिस्टन, टाक ना. बरोबर आहे, तोही रस्ता आहे. जुन्या 70 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 47 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) 41.4, म्हणजे 72 सीसीच्या आतबाहेर, त्यात 52 मिमीचा ब्लॉक पिस्टन टाकला की 88 होतात, हे किट कुठेही मिळतं. पण त्यात क्रँक जुनाच, बेअरिंग जुनीच, गिअर तीनच आणि क्लच त्या छोट्या इंजिनापुरता बनवलेला. ज्या इंजिनाने आधीच आयुष्य काढलंय त्याच्या डोक्यावर नवीन ओझं ठेवायचं, मग खालून क्रँकने आवाज द्यायला सुरुवात केली की परत सगळं उघडा. इंजिन ठणठणीत असेल तर किट टाका, खालून खडखडत असेल तर अजिबात नाही, माझं तर सरळ मत आहे.

जाहिरातीतल्या 125 वर मात्र जाऊ नका. माझ्या इंजिनाचा बोअर 52.4 आणि स्ट्रोक 55.5, हिशोब केला तर 120 सीसीच्या जरा खालीच येतं. दुसरं एक 54 बाय 54 वालं असतं ते 124 च्या जवळ जातं, आणि 56 बाय 57 वालं 140. सगळ्यांच्या खोक्यांवर मोठमोठे आकडे, पण खरी गंमत सीसीत नाही, स्ट्रोकमध्ये आहे, 41 चा स्ट्रोक 55 वर गेला की खालच्या आरपीएमला जी ओढ मिळते ती जुन्या इंजिनाला कितीही पिळलं तरी येत नाही. चढावर जिथे जुनं इंजिन तिसऱ्यात कण्हायचं आणि दुसरा टाकला की नुसतंच बोंबलायचं, तिथे हे तिसऱ्यात आरामात जातं, चौथा हाताशी राहतो. यासाठी मी बाकीचा सगळा ताप माफ करायला तयार आहे.

ताप नंबर एक, वायरिंग. जुनी गाडी 6 व्होल्ट, पॉइंटवाली, म्हणजे स्पार्क उघडझाप होणाऱ्या संपर्कावर. नवीन इंजिन 12 व्होल्ट, सीडीआय, म्हणजे स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा. याचा अर्थ हेडलाइटचा बल्ब, टेललाइट, हॉर्न, फ्लॅशर, बॅटरी, रेक्टिफायर रेग्युलेटर सगळं बदला, नाहीतर पहिल्याच रेसला बल्ब ढगात. बरं सीडीआय एसीवाला असतो, मॅग्नेटमध्ये त्याची वेगळी कॉइल असते, म्हणजे बॅटरी मेली तरी गाडी चालू होते, हा मोठा फायदा. पण बंद करायची पद्धत नीट समजून घ्या. काही जुन्या गाड्यांत इग्निशन बॅटरीवर असतं, चावी ऑन केली की कॉइलला करंट मिळतो. इथे उलटा कारभार, बंद करायची म्हणजे एक वायर अर्थ करायची. त्या वायरीवर कोणी चावीचा 12 व्होल्ट चढवला तर सीडीआय जायचीच शक्यता जास्त. आणि ज्याच्याकडून इंजिन घेतलं त्याने वायरिंगचा कागद दिलाच नाही, विचारलं तर म्हणाला की कलरवर कलर जोडा. अरे बाबा कलर जुळतात तरी कुठे, जुन्या हार्नेसचे रंग उडालेले आणि नवीन वायरींचे रंग कारखान्याच्या मर्जीवर. शेवटी मल्टिमीटर घेऊन एकेक वायर अर्थशी तपासत बसलो, न्यूट्रलची वायर पण तशीच सापडली, गिअर न्यूट्रलला असताना जी वायर अर्थ दाखवते ती.

दोन, चेन. इंजिन बसलं म्हणजे पुढचं स्प्रॉकेट मागच्याच्या रेषेत आलं असं नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या तोंडावर सरळ पट्टी चिकटवून पुढपर्यंत धरली तेव्हा फरक डोळ्याला दिसला, जेमतेम दोन तीन मिलिमीटर, पण तेवढ्यावर चेन एका बाजूने घासून दात धारदार करते. ऑफसेटवालं स्प्रॉकेट टाकून जमलं. चेनचा नंबरही बघा, 420 आणि 428 दोघींची पिच (दोन पिनांमधलं अंतर) तीच अर्धा इंच, फरक रुंदीत, त्यामुळे 428 ची चेन 420 च्या स्प्रॉकेटवर चढते आणि माणूस फसतो, वाटतं बसली की, आणि ती आत डुलत राहते. सी-70 ला वर चेनकव्हर पूर्ण बंद असतं, दिसत काहीच नाही, फक्त आवाज येतो. पुढचं स्प्रॉकेट 14 वरून 16 केलं तर त्याच स्पीडला इंजिन साडेबारा टक्के कमी फिरतं, आणि या इंजिनाला ते आरामात झेपतं, उलट न केलं तर चौथ्यातही उगाच किंचाळत राहील. पण मोठं स्प्रॉकेट म्हणजे चेनकव्हर आतून घासणार का तेही बघायचं. एकाला हात लावला की दुसरं हलतं असंच आहे सगळं.

कार्ब आणि सायलेन्सरबद्दल थोडक्यात. जुना कार्ब छोटा, या इंजिनाचा गळा दाबतो, सोबत आलेला मोठा घ्या, पण मग जुन्या एअर फिल्टरची नळी बसत नाही. उघडा कोन फिल्टर दिसायला भारी, चिखलपाण्यात बेकार. जेटिंग, म्हणजे कार्बमधून किती पेट्रोल सोडायचं ते, प्लगचा रंग बघून करा, फार खोलात जात नाही.

ब्रेकवर मात्र थांबतो, कारण या विषयावर कोणी बोलतच नाही, सगळे टॉप स्पीडचे व्हिडिओ टाकतात. 60 वरून गाडी थांबवायला ब्रेकला जेवढी ताकद पचवावी लागते त्याच्या पावणेदोन पटीपेक्षा जास्त 80 वरून लागते, वेगाचा वर्ग होतो ना. आणि ड्रम तोच, 70 च्या इंजिनासाठी केलेला, हाताच्या तळव्याएवढा. चेसीही पातळ पत्र्याची दाबून केलेली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच प्रकार. निदान नवीन लायनर, नवीन केबल, ड्रम लेथवर साफ करून घेणं, मागचे शॉक, स्विंगआर्मचे बुश, हे इंजिनाच्या आधी करा, नंतर नाही. 140 वालं इंजिन या चेसीत टाकणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, लांबूनच.

तसं चांगलं इंजिन एकाचं आणि चांगली चेसी दुसऱ्याची हा खेळ जुनाच. ब्रिटिश पोरांनी ट्रायम्फचं ट्विन इंजिन नॉर्टनच्या फेदरबेड चेसीत बसवून ट्रायटन केल्या, पण तिथे चेसी रेसिंगसाठी 1950 मध्ये आलेली, तिचं हँडलिंग इंजिनापेक्षा दोन पावलं पुढे होतं. आपण करतोय ते नेमकं उलटं, चेसी दुबळी आणि इंजिन दांडगं, म्हणून जपून.

आता खुद्द इंजिनाची क्वालिटी. खोक्यातून काढल्यावर पहिलं काम म्हणजे ऑइल काढणं, आत जे येतं ते वाहतुकीपुरतं असतं. माझं बारीक चमचमत आलं, लोखंडाचा नाही तर ॲल्युमिनियमचा चुरा, मशिनिंगचा उरलेला. या इंजिनाला कार्ट्रिजवाला फिल्टर नसतो, फक्त जाळी आणि क्लचकडे फिरता स्पिनर (गरगर फिरून कचरा बाजूला टाकणारा), तेव्हा सुरुवातीला ऑइल भराभर बदला, लिटरच्या आत बसतं, कंजूषपणा करायचं कारण नाही. ऑइल जासो एमए (ओल्या क्लचच्या बाइकसाठीचा दर्जा) लिहिलेलंच, कारचं स्वस्त ऑइल टाकलं तर क्लच ओला असल्यामुळे घसरतो आणि मग लोक इंजिनाला शिव्या घालतात. टॅपेट, म्हणजे वाल्व्हची फट, गार इंजिनावर 0.05 मिमीच्या गेजने बघितले, एक बरोबर, एक घट्ट आवळलेला. हेडचे आणि साइड कव्हरचे बोल्ट एकसारखे टाइट नव्हते. थोडक्यात काय तर कारखान्यात जोडलंय ते एकदा जोडून पाठवलंय, तपासून पाठवलंय असं धरू नका. पण कास्टिंग स्वच्छ, गिअर पडताना गोड, आणि दोन तीनदा गरम गार करून परत बोल्ट बघितल्यावर आजतागायत कुठून ऑइलचा थेंब नाही, फक्त स्प्रॉकेटच्या मागचं सील जरासं ओलसर राहतं, ते स्वस्तातलं आहे, बदलीन.

कागदपत्रांचं आपापलं बघा. इंजिन नंबर बदलला म्हणजे नोंदणीत आणि इन्शुरन्समध्ये फरक पडतो, काही ठिकाणी आधी परवानगी लागते. जुनं इंजिन भंगारात देऊ नका, प्लगच्या भोकातून जरा ऑइल सोडून, भोकं बुजवून ठेवून द्या, गाडी कधी मूळ रूपात आणायची झाली तर नंबर जुळणारं तेच.

कोणी घ्यावं? ज्याला मल्टिमीटर धरता येतो किंवा धरणारा मित्र आहे त्याने बिनधास्त. ज्याच्या गाडीचं मूळ इंजिन अजून शाबूत आहे त्याने हात लावू नये, ती गाडी तशीच छान आहे. आणि ऑर्डर करण्याआधी विकणाऱ्याला एवढं नक्की विचारा की क्लच आपोआपवाला की लिव्हरवाला, स्टार्टर मोटर वर आहे की खाली, म्हणजे आपल्या चेसीत तेवढी जागा आहे का मोजता येईल, आणि गिअरचा पॅटर्न कुठला, न्यूट्रल तळाला की पहिल्या दुसऱ्याच्या मध्ये, कारण दोन्ही प्रकार येतात आणि घाईत खाली दाबत गेलात की एकात न्यूट्रल पडतो, दुसऱ्यात पहिला. स्प्रॉकेटच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो पण मागा. तो द्यायला आढेवेढे घेत असेल तर सरळ दुसऱ्याकडे जा.