'द अप्रेंटिस': नोकरीचं बक्षीस की भांडवलाचं?

ब्रिटनमधल्या 'द अप्रेंटिस' या टीव्हीवरच्या स्पर्धेच्या विजेत्याला आधी उद्योजक अ‍ॅलन शुगर यांच्याकडे वर्षाला 1 लाख पौंडांची नोकरी मिळायची. 2005चा पहिला विजेता टिम कॅम्पबेल शुगर यांच्या कंपनीत, अ‍ॅमस्ट्रॅडमध्ये रुजू झाला. 2010ची विजेती स्टेला इंग्लिश मात्र आपल्याला खरं कामच दिलं नाही म्हणत न्यायाधिकरणात गेली. 2013मध्ये ती हरली, पण प्रश्न उरलाच: कार्यक्रमासाठी काढलेल्या पदावर काम असणार तरी किती?

2011पासून बक्षीस बदललं: अडीच लाख पौंड भांडवल, बदल्यात धंद्यात शुगर यांची निम्मी भागीदारी. निम्मी म्हणजे फारच, पण पहिल्याच वर्षी जिंकलेल्या टॉम पेलेरोची वक्र नेलफाईल खरोखर दुकानांत पोचली. हातात विकण्याजोगी वस्तू असेल, तर मी भांडवलच घेईन.