जांभळ्या टॉर्चमधली ‘अंडी’

आमच्या कुत्र्याच्या, ढम्याच्या पाठीवर जांभळा उजेड पडला आणि आईच्या तोंडून ‘अगं बाई!’ निघालं. खोलीतले दिवे घरी आलेल्या उपचारवाल्यानं मुद्दाम घालवायला लावले होते. काळोखात ढम्याच्या तपकिरी केसांत पांढरे-निळसर ठिपके लुकलुकत होते, शंभरेक तरी असतील. ‘‘ताई, ही सगळी किड्यांची अंडी. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून लोक दुर्लक्ष करतात,’’ असं म्हणत त्यानं टॉर्च विझवला. दिवे लावले तर पाठ नेहमीसारखी. पुन्हा टॉर्च, पुन्हा ठिपके. पाच मिनिटांत मी तीन महिन्यांच्या उपचारांच्या पॅकेजला हो म्हणून बसले होते, तेही आगाऊ पैसे देऊन.

त्या माणसावर आम्ही विश्वास ठेवला, आणि वर त्याची शिफारसही केली. त्यातली एक शिफारस अजून माझ्या मानगुटीवर आहे, ती शेवटी सांगते.

ढम्या तेव्हा शेपटीच्या मुळाशी वळून वळून चावत होता. कमरेवरचे केस विरळ झाले होते, मधूनच कातडी लाल दिसायची. कुत्रा खाजवतो म्हणजे गोचीड, एवढंच माझं ज्ञान. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली सगळीकडे शोधलं, एकही सापडली नाही. गोचीड नाही, मग साध्या दवाखान्यात जाऊन काय होणार, ‘स्किनचा माणूस’ बघू, असा माझा शहाणपणा. हा घरी येऊन ‘पेट स्किन ट्रीटमेंट’ करायचा. हातमोजे, ॲप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, आत खण पाडलेली पेटी. डॉक्टर हा शब्द त्यानं स्वतः एकदाही उच्चारला नाही, हे नंतर लक्षात आलं. तो आम्हीच त्याला चिकटवला.

पेटीतून त्यानं आधीच भरून ठेवलेली सिरिंज काढली. कसलं इंजेक्शन, असं मी विचारलं. ‘‘आमचं स्वतःचं कॉम्बिनेशन आहे, अँटी-पॅरासाइट.’’ कुपी दाखवली नाही, मीही मागितली नाही. त्या रात्री ढम्या कित्येक दिवसांनी सलग झोपला. आई तर त्या माणसाला हात जोडायच्या बेतात होती.

आम्ही फसलो ते इथेच. टॉर्च हा नुसता तमाशा होता, खरा सापळा होता हा आराम. खाज थांबली म्हणजे किडे मेले, असं आपलं मन परस्पर ठरवून टाकतं. त्या कॉम्बिनेशनमध्ये दीर्घकाळ टिकणारं स्टिरॉइड होतं, असा निष्कर्ष पुढे खऱ्या डॉक्टरांनी लक्षणांवरून काढला. स्टिरॉइडनं खाज दबते, मग ती पिसवांची असो, खरजेची असो की ॲलर्जीची. किड्याला त्यानं काहीही होत नाही. उलट कातडीतले किडे ज्या प्रतिकारशक्तीच्या धाकात असतात, तीच ढिली पडते.

तीन-चार आठवड्यांनी खाज परत, की पुन्हा इंजेक्शन. अशी चार झाली. दरम्यान ढम्या पाण्याचं भांडं दिवसातून चार-चार वेळा रिकामं करायला लागला. रात्री बाहेर नेण्यासाठी दार खरडायचा, घरात कधीच न करणारा कुत्रा एकदा पायपुसण्यावर करून बसला. खा-खा सुटली होती. मी हे त्या माणसाला सांगितलं, तर म्हणाला, ‘‘चांगलंय की, औषध लागू पडतंय, भूक सुधारली.’’ आम्हाला बरं वाटलं! भरमसाट तहान, भरमसाट लघवी, भरमसाट भूक, ही स्टिरॉइडची अगदी ठरलेली खूण आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर.

चौथ्या भेटीत त्याची नजर मनीवर गेली. ‘‘मांजराला पण करून टाकू, नाहीतर इकडचे किडे तिकडे.’’ घरातल्या सगळ्या प्राण्यांवर एकदम उपचार करायचे, ही गोष्ट मुळात बरोबर आहे, म्हणून तर शंका आली नाही. त्यानं पेटीतून एक पिपेट, म्हणजे कातडीवर लावायच्या औषधाची छोटी नळी, काढली, मानेवरचे केस बाजूला केले आणि ‘वजनाच्या हिशोबानं’ थोडंसं मनीला, उरलेलं ढम्याला लावलं. दुपारची गोष्ट.

रात्री मनीचे कान फडफडायला लागले. मग पाठीवरची कातडी लहरल्यासारखी हलायला लागली. तासाभरात चारही पाय थरथरत होते आणि ती उभी राहायचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा कलंडत होती. त्याला फोन केला. ‘‘औषध भिनतंय, सकाळपर्यंत ठीक होईल.’’ तेवढ्यात आईनं कचऱ्याच्या डब्यातून ती रिकामी पिपेट आणि तिचं पाकीट शोधून काढलं. माझ्या डोक्यात आलं नव्हतं ते. पाकिटावर मांजराचं छोटं चित्र होतं आणि त्यावर आडवी काट मारलेली. खाली बारीक अक्षरांत पर्मेथ्रिन.

रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडमनी ते पाकीट हातात घेतलं आणि पुढचा एकही प्रश्न न विचारता मनीला आत नेलं. कुत्र्यांना चालणारं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला विष आहे, कारण ते मोडून शरीराबाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. ‘थोडंसं लावलं’ याला म्हणून काही अर्थ नसतो, कुत्र्यांच्या काही पिपेटमध्ये हे द्रव्य ४० टक्क्यांहून जास्त असतं. कोमट पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण घेऊन त्यांनी तिची मान धुतली. थरथर आवरायला स्नायू सैल करणारी इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं, दर थोड्या वेळानं ताप पाहिला. मनी दोन दिवस तिथे होती. वाचली. पाकीट नेलं नसतं, तर काय लावलंय हे शोधण्यातच वेळ गेला असता.

मनीला घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी ढम्याला घेऊन त्याच मॅडमकडे गेले. तोवर त्याच्या डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर केस नसलेले गोल चट्टे उमटले होते. हे मुळात नव्हते, मुळात होतं ते फक्त कमरेचं दुखणं.

त्यांनी टॉर्च-बिर्च काही काढला नाही. बारीक दातांची फणी घेतली, आपल्याकडे उवांना वापरतात तसली, आणि कमरेवरून, शेपटीच्या मुळाशी ती दाबून फिरवली. फणीत अडकलेली काळी रेवाळ घाण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली आणि म्हणाल्या, ‘‘थांबा जरा.’’ प्रत्येक काळ्या कणाभोवती हळूहळू लालसर-तपकिरी डाग पसरला. माती असती तर पसरला नसता. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू मात्र एकच सापडली. ढम्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी होती. अशा कुत्र्याला मोजके चावे पुरतात, आणि तो चावून चाटून पिसवा स्वतःच गिळून टाकतो, म्हणून अंगावर शोधून दिसत नाहीत.

मग चट्टा. डोळ्याजवळची जागा टाळून त्यांनी पायावरच्या चट्ट्याची कातडी चिमटीत धरून दाबली, तेलाचा थेंब लावलेल्या ब्लेडनं रक्ताचे बारीक बिंदू दिसेपर्यंत खरवडली आणि ते स्लाइडवर घेतलं. मला मायक्रोस्कोपमध्ये बघायला लावलं. लांबट, चिरूटासारखे जीव, पुढच्या अर्ध्या भागात आखूड पायांच्या चार जोड्या, आणि त्यातले काही पाय संथ हलत होते. डेमोडेक्स. हे माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, बहुतेक कुत्र्यांच्या केसांच्या मुळाशी थोडेफार असतातच, पिल्लाला आईकडून पहिल्या काही दिवसांतच मिळतात आणि एरवी त्रास देत नाहीत. प्रतिकारशक्ती दबली की त्यांची बेसुमार वाढ होते. म्हणजे पिसवांवर उपचार करतो म्हणून सांगून त्या माणसानं पिसवा तशाच ठेवल्या होत्या आणि वर हे नवं दुखणं वाढवून दिलं होतं.

त्या अंड्यांबद्दल मी विचारलंच. मॅडमनी खणातून तसलाच जांभळा दिवा काढला, खोलीतला दिवा घालवला आणि माझ्या कुर्त्याच्या बाहीवर धरला. बाहीभर निळे-पांढरे ठिपके! ‘‘कापसाची तुसं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कोंडा चमकतो, काही मलमं चमकतात.’’ या दिव्याचा खरा उपयोग बुरशीच्या गजकर्णासाठी होतो. मायक्रोस्पोरम कॅनिस नावाच्या बुरशीचे काही प्रकार त्यात केसाच्या काडीवर हिरवे चमकतात. पिसू, गोचीड, माइट यांचं निदान त्यानं होत नाही. आणि अंड्यांचं म्हणाल तर पिसवांची अंडी गुळगुळीत असतात, केसाला न चिकटता गळून पडतात. गोचीड तर अंडी घालायला अंगावरून उतरून भेगा-फटी गाठते. केसाला घट्ट चिकटतात त्या उवांच्या लिखा, आणि त्या दिवसाउजेडी, नुसत्या डोळ्यांना दिसतात. अदृश्य अंडी हा सगळा बनावच होता. मला त्या माणसाचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या टॉर्चपुढे ‘बापरे’ म्हणणाऱ्या माझा.

औषध द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, ढम्याला कधी फिट आली होती का? आता दिल्या जाणाऱ्या आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्या पिसवा, गोचिड्या आणि डेमोडेक्स या सगळ्यांवर चालतात, पण काही कुत्र्यांना त्यानं झटके येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये तसा इशाराही दिला आहे. साधा प्रश्न, पण आमच्या स्पेशालिस्टनं तीन महिन्यांत असा एकही विचारला नव्हता. वय, वजन, आधीचे आजार, जात, काहीच नाही. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि आयव्हरमेक्टिन या किड्यांवरच्या औषधाचा मोठा डोस त्यांच्या मेंदूपर्यंत पोचून जिवावर बेततो. बेनाव सिरिंजमध्ये गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनही असू शकतं. तेव्हा जात न विचारता टोचणारा माणूस दिसला तर कुत्र्याला उचलून घ्या.

उरलेलं काम कंटाळवाणं होतं. अंगावरच्या पिसवा एकूण पिसवांच्या जेमतेम ५ टक्के, बाकी ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोश होऊन घरात, गाद्यांत, फरशीच्या फटींत. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. अंथरुणं गरम पाण्यात धुतली, रोज व्हॅक्यूम. कोशातल्या पिसवांपर्यंत औषध पोचत नाही, त्यामुळे काही आठवडे नव्या पिसवा निघतच राहतात आणि ‘औषध चालत नाही’ असं वाटायला लागतं. नेमकी हीच वेळ झटपट गुणवाल्यांची. मनी सावरल्यावर तिला मांजरांसाठीचं वेगळं औषध आलं. ढम्याचं खरवडणं दर महिन्याला, आणि महिन्याच्या अंतरानं सलग दोन वेळा स्लाइडवर एकही माइट दिसला नाही तेव्हाच मॅडमनी उपचार थांबवले. केस त्याच्या आधीच आले होते. मी एकटी असते तर तिथेच थांबले असते.

त्या माणसाला मी नोंदणी क्रमांक आणि इंजेक्शनचं नाव लेखी मागितलं. ‘‘ताई, फरक पडला होता की नाही तेवढं सांगा,’’ असं उत्तर आलं. त्यानंतर फोन बंद. पाकिटाचे फोटो, पैसे दिल्याच्या नोंदी आणि मनीचे कागद जोडून तक्रार केली आहे.

मी दोघांना त्याचं नाव सुचवलं होतं. एकानं बोलावलंच नव्हतं. दुसऱ्या ओळखीच्या काकू, त्यांचा कुत्रा म्हातारा आहे. त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, ‘‘अगं, तुमच्याकडे काहीतरी चुकलं असेल. आमच्याकडे दुसऱ्या दिवशीच खाजवणं बंद.’’

‘‘काकू, तो पाणी फार पितो का हल्ली?’’

फोनवर जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, ‘‘उन्हाळ्यामुळे असेल असं वाटलं होतं गं.’’